शिंपला पालथा की उताणा? दगडातलं जुनं जग वाचायची माझी पद्धत

माझ्या टेबलावर विटेहून थोडा लहान असा एक करडा दगड आहे. त्यात शिंपल्यांच्या ४३ सुट्या झडपा (झडप म्हणजे शिंपल्याचा एक अर्धा भाग) आणि एक बंद जोडी आहे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मी स्वयंसेवक म्हणून खोकी लावायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात हा मी स्वतः फोडून आणला. शिंपले सुबक दिसत होते, कागदात गुंडाळला, पिशवीत टाकला, झालं. आमच्या सरांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "वरची बाजू कुठली?" मला सांगता येईना. "मग शोभेला ठेवा," म्हणून त्यांनी परत दिला. राग आला होता, खोटं कशाला सांगू.

राग ओसरल्यावर त्यांनी समजावलं. मेलेल्या शिंपल्याची झडप वाहत्या पाण्यात सापडली की पालथी होते, कारण पालथ्या वाटीवरून पाणी सरकून जातं, तिला पुन्हा उलटवणं कठीण. शांत पाण्यात तरंगत खाली आलेली झडप मात्र बहुधा उताणी बसते. म्हणजे पालथ्या किती, उताण्या किती, हे मोजलं की त्या तळावर प्रवाह होता की नाही, याचा अंदाज येतो. पण त्यासाठी दगडाची वरची बाजू माहीत हवी, आणि ती मी डोंगरातच विसरून आले होते.

त्यामुळे पहिलं काम हे: दगडाला हात लावण्याआधी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग न पुसणाऱ्या शाईने दगडावरच वरच्या दिशेचा बाण काढा. वहीत थर कुठला, त्याच्या वर काय, खाली काय, एवढं लिहा. गोळा करायची परवानगी आहे का, ते आधी विचारा. कायदे जागोजागी वेगळे असतात. आणि हाडं दिसली तर उकरत बसू नका, जाणकारांना कळवा.

दुसरी गोष्ट स्वभावाला जड जाते. जीवाश्म दिसला की आपण लगेच विचारतो, हा प्राणी कोण, काय खायचा, कसा राहायचा. थांबा. आधी तो मेला कसा, पुरला कसा आणि टिकला कसा, हे विचारा. या अभ्यासाला टॅफोनॉमी म्हणतात. हा शब्द १९४० मध्ये रशियन जीवाश्मतज्ज्ञ इव्हान येफ्रेमोव यांनी दिला. मरणाची गोष्ट नीट लावल्याशिवाय जगण्याची गोष्ट लावायला गेलं की हमखास फसायला होतं. मी फसले आहे, तेही एकदाच नाही.

टिकणं हा अपवाद आहे, हे आधी मनात पक्कं बसू द्या. अ‍ॅना बेहरेन्समायर यांनी केनियातल्या अंबोसेलीमध्ये उघड्यावर पडलेल्या हाडांचा अभ्यास करून १९७८ मध्ये त्यांच्या झिजेच्या सहा पायऱ्या मांडल्या, शून्य ते पाच. ताजं, तुकतुकीत हाड आधी तडकतं, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि साधारण दहा-पंधरा वर्षांत ते हातात धरलं तरी चुरगळतं. ज्याला टिकायचंय त्याला लवकर पुरलं जावं लागतं, आणि जिथे प्राणवायू कमी, कुजवणारे जीव कमी, अशा गाळात पुरलं गेलं तर उत्तमच. घरी पाहायचं असेल तर एकाच झाडाची दोन पानं घ्या. एक बरणीत ओल्या, बारीक चिखलाखाली दाबून झाकण घट्ट लावा. दुसरं उघड्या मातीवर ठेवून अधूनमधून पाणी शिंपडा. काही महिन्यांनी माझं मातीवरचं पान म्हणजे नुसती शिरांची जाळी उरली होती. चिखलातलं काळपट झालं होतं, पण कडा अखंड. बरणी उघडताना जो वास येतो त्याची जबाबदारी माझी नाही.

पुरल्यानंतरच्या वाटा अनेक. पाण्यातली खनिजं हाडाच्या किंवा लाकडाच्या पोकळ्यांत भरतात, तेव्हा वस्तू जड होते आणि आतली रचना टिकते. कधी मूळ पदार्थ विरघळून जातो आणि दगडात नुसता पोकळ साचा उरतो. तो नंतर भरला की ओतीव प्रतिकृती तयार होते. पान दाबलं जाऊन कार्बनची काळी फिल्म राहते. कीटक राळेत अडकतात. स्कॉटलंडमधल्या रायनी इथे तर सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी उष्ण झऱ्यांच्या सिलिकाने अख्खी दलदल जागच्या जागी गोठवली. तिथल्या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले की आदिम झाडांच्या पेशींमध्ये बुरशीचे धागे दिसतात. मुळं नसलेल्या त्या झाडांची बुरशीशी भागीदारी होती, हे अशा कापांवरूनच कळलं.

तुमच्या दगडात यातली कुठली वाट आहे, ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने पाहा. कवच मूळचं आहे का? की स्फटिकांनी जागा घेतलीय? दगडाच्या कोपऱ्यावर, जीवाश्मापासून लांब, थोडं खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे. हा थेंब शिंपल्यावर टाकू नका, तोही चुन्याचाच असतो.

मग दगडाकडे वळा, कारण तो त्या जगाची जमीन आहे. कण बारीक आणि थर पातळ म्हणजे शांत पाणी. जाड वाळू, तिरपे थर म्हणजे प्रवाह. चिखलाच्या भेगा दिसल्या तर ती जागा अधूनमधून कोरडी पडायची. काळा, पापुद्र्यासारखा सुटणारा दगड आणि त्यात पायराइटचे पिवळे चकाकते कण असले तर तळाशी प्राणवायूची चणचण होती. अशा तळावर फारसं कुणी राहत नसे. तिथे सापडलेला मासा वरच्या पाण्यातून खाली आलेला असतो.

म्हणजे पुढचा प्रश्न असा की, हे जीव इथलेच की वाहून आलेले? मायकेल व्होरहीस यांनी मेंढ्या आणि कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) यांची सुटी हाडं कृत्रिम प्रवाहात सोडून पाहिली आणि १९६९ मध्ये निष्कर्ष मांडले. बरगड्या आणि मणके आधी वाहून जातात, पायांची लांब हाडं त्यांच्या मागून, कवटी आणि जबडा सगळ्यांत शेवटी. म्हणून एखाद्या थरात नुसते जबडे आणि कवट्याच मिळाल्या तर 'डोकी खाणारा राक्षस' शोधायला निघू नका, हलकी हाडं पाण्याने नेली असतील. शिंपल्यांचंही तसंच: सगळे एकाच आकाराचे, कडा घासलेल्या, एका बाजूच्याच झडपा जास्त, म्हणजे पाण्याने चाळून ठेवलेला ढीग. दोन्ही झडपा जुळलेल्या, शिंपला जगताना जसा उभा रुतून बसतो तसाच उभा, म्हणजे तो घरातच गाडला गेला.

याच व्होरहीस यांना १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात एका घळीत गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली, आणि तिच्या मागे अख्खा सापळा निघाला. आज ती जागा अ‍ॅशफॉल म्हणून ओळखली जाते. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दूरच्या ज्वालामुखीची राख तिथल्या पाणवठ्यावर पडली. तिथे अनेक सापळे सांध्याला सांधा लागून पडलेत. प्रवाहात हाडं कशी पांगतात हे मोजलेल्या माणसाला ते पाहून काय वाटलं असेल! मरणाचा क्रमही थरांत दिसतो. सगळ्यांत खाली पक्षी आणि कासवं, त्यांच्यावर घोडे, उंट, वर गेंडे. लहान प्राणी आधी मेले, मोठे राखेची धूळ छातीत घेऊन काही काळ तग धरून राहिले. गेंड्यांच्या तोंडात आणि घशाशी गवताचं बी सापडलं. म्हणजे ते काय खात होते याचा अंदाज बांधत बसायची गरजच नाही.

अ‍ॅशफॉल हा एका प्रसंगाचा फोटो आहे. बहुतेक थर तसे नसतात, हे विसरू नका. समुद्रतळावरच्या शिंपल्यांच्या एकाच थरात शेकडो, कधी हजारो वर्षांचे मेलेले जीव मिसळलेले असतात. शेजारी शेजारी पडलेत, म्हणून ते जगतानाही शेजारी होते असं नाही.

आता कोण कोणाला खायचं, हा माझा आवडता भाग. शिंपल्यावर एकच, गोल, सरळ आत गेलेलं भोक शोधा. बारीक भोकांची चाळण असेल तर ती बहुधा स्पंजची करामत. एकटं गोल भोक मात्र शिकारी समुद्री गोगलगायीचं. भिंगाखाली कड पाहा: बाहेर रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, स्क्रूचं डोकं बसावं तसं खोलगट भोक नॅटिसिड कुळातल्या गोगलगायीचं, आणि सरळ भिंतींचं म्युरिसिड कुळातलीचं. नॅटिसिड वाळूच्या आत शिरून शिकार करतात, म्हणून तसं भोक दिसलं की शिंपला वाळूत रुतून राहणारा होता, याला दुजोरा मिळतो. अर्धवट भोक म्हणजे शिकार फसली.

माझ्या दगडात सहा झडपांना अशी खोलगट भोकं आहेत. ४३ पैकी ६ असं मी वहीत लिहिलं होतं, तेही चूक. एका प्राण्याला दोन झडपा, भोक मात्र एकीलाच पडतं. सुट्या झडपा मोजताना म्हणून प्राण्यांचा आकडा निम्मा धरतात. साडेएकवीस प्राण्यांत सहा बळी, म्हणजे चारातला एक तरी गोगलगायीच्या पोटात गेला होता. अर्थात एका दगडावरून समुद्राचं गणित मांडू नये; एकाच थरातले निदान शंभर-दोनशे शिंपले हवेत.

खाणाऱ्याचा पुरावा विष्ठेतही मिळतो. इंग्लंडमध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंग यांच्या लक्षात आलं होतं की इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सापळ्यांत पोटाच्या जागी विचित्र गोटे मिळतात आणि फोडले की आत माशांची हाडं, खवले निघतात. विल्यम बकलँड यांनी १८२९ मध्ये त्याला कोप्रोलाइट नाव दिलं. अशाच पुराव्यांवरून हेन्री दे ला बेश यांनी १८३० मध्ये प्राचीन समुद्राचं चित्र काढलं. त्यात एकमेकांना खाणारे प्राणी तर आहेतच, पडणारी विष्ठाही आहे.

दगड घाईने साफ करू नका, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण गुजरातेतल्या ढोली डुंगरीचं. धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात तिथे डायनासोरची अंडी आणि जवळ बारीक हाडं असलेला दगड मिळाला. हाडं पिल्लाची समजली गेली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० मध्ये त्याला सनाजे इंडिकस नाव मिळालं. हाडं एकेक सुटी करून डब्यांत भरली असती तर साप, अंडं आणि पिल्लू या तीन नोंदी उरल्या असत्या, घरट्यावरचा दरोडा हरवला असता.

पानं मिळाली तर हवामानही कळतं. सपाट कडेच्या पानांच्या जातींचं प्रमाण उष्ण प्रदेशात वाढतं, दातेरी कडांचं थंडीत. बेली आणि सिनॉट यांनी हे १९१५ मध्येच दाखवलं. पण त्यासाठी वीस-पंचवीस तरी जाती हव्यात, दोन पानांवर तापमान सांगू नका.

शेवटी जे नाही ते मोजा. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेया डांबरखड्ड्यांत मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मांसाहारी मिळाले. शिकारी जास्त आणि शिकार कमी असं जग चार दिवस चालणार नाही. अडकलेल्या एका प्राण्याच्या मागे अनेक शिकारी धावले आणि तेही रुतले. तो प्राण्यांना अडकवणारा फास होता, जंगलाची खानेसुमारी नव्हे. रसायनही असंच फसवतं. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट ही चुन्याचीच दोन रूपं. बऱ्याच शंख-शिंपल्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं असतं आणि ते आधी विरघळतं; कालवांचं कॅल्साइट मागे राहतं. थरात नुसती कालवं दिसली की मी आधी रिकामे साचे शोधते. ते सापडले तर बाकीची मंडळीही तिथे होती, फक्त दगडाने त्यांची कवचं सांभाळली नाहीत.

माझ्या त्या शोभेच्या दगडाचं सांगायचं राहिलं. परवा प्रात्यक्षिकासाठी त्याची एक बाजू कापून घासली, तर करवतीची रेघ नेमकी त्या बंद जोडीतून गेली होती. आतल्या पोकळीत अर्ध्यापर्यंत करडा चिखल, त्याचा पृष्ठभाग अगदी सपाट, आणि उरलेल्या जागेत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक. चिखल नेहमी खाली बसतो, स्फटिक नंतर वरच्या रिकाम्या जागेत वाढतात. गवंड्याची पाणपातळी दगडातच होती, अकरा वर्षं. मी बाण काढला आणि झडपा पुन्हा मोजल्या: ३४ पालथ्या, ९ उताण्या. प्रवाह होता. दगड सरांच्या टेबलावर ठेवून आले आहे, बाण वरच्या बाजूला करून.