‘द होम रूलर’ वाजवताना या चुका टाळा

‘होम रूल’ म्हटलं की आपल्याला १९१६चे टिळक आठवतात. तो शब्दच मुळात आयर्लंडच्या चळवळीतून आपल्याकडे आला. त्यामुळे ‘द होम रूलर’ ही फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची, हॉर्नपाइप (एका नाचाची धून) राजकीयच असणार, असं मीही धरून चालले होते आणि ती मोर्चातल्या घोषणेसारखी ठोकून वाजवत होते. खरं तर ही धून अँट्रिम परगण्यातल्या बॅलीकॅसलच्या फ्रँक मॅककॉलम या फिडलवादकाची. घरावर राज्य करणारी ती म्हणजे त्याची बायको, असं वादक मंडळी सांगतात. हे कळलं तेव्हा माझा बो, म्हणजे फिडलचा गज, आपोआप हलका झाला.

हॉर्नपाइप हा प्रकार अस्सल आयरिश समजणं, ही दुसरी चूक. तो इंग्लंडातून आला. पूर्वी त्याचा ठेकाही वेगळा, तिनाच्या हिशोबाचा होता. अठराव्या शतकात तो चार मात्रांत स्थिरावला. आयरिश मैफलींत हमखास ऐकू येणारी ‘द हाय लेव्हल’ तर टाइन नदीकाठच्या जेम्स हिलची, न्यूकॅसलच्या १८४९मधल्या पुलाच्या नावाची. आयर्लंडनं या प्रकाराला आपली चाल दिली. कडक तळाचे बूट घालून हा नाच होतो आणि प्रत्येक ठोका ऐकू यावा लागतो. म्हणून रील या जलद नाचाच्या धुनेच्या वेगानं पळू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लयीत. छापील नोटेशनमध्ये सूर एकसारखे दिसतात, नाहीतर एक लांब आणि एक अगदी आखूड. पहिलं वाचून वाजवलं तर धून सपाट होते, दुसरं वाचून वाजवलं तर लंगडते. मात्रेचे तीन भाग करा. पहिल्या सुराला साधारण दोन, दुसऱ्याला एक. आधी टाळी देत तोंडानं म्हणा, मग बो उचला. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर थोडं वजन द्या. तरीही हिसके बसत असतील, तर आखूड सूर पुढच्या लांब सुराला त्याच बोमध्ये जोडून पाहा. माझं काम तिथेच झालं. तीन सुरांची झटपट गिरकी जमत नसेल तर सध्या सोडून द्या. धून अडत नाही.

बहुतेक हॉर्नपाइपांत प्रत्येक भाग तीन ठाम सुरांवर टेकतो. पुढच्या भागाच्या घाईत ते गिळू नका, तिन्ही पूर्ण लांबीचे वाजवा.