पूर-अंदाजाच्या कामात यायचंय? आधी पर्जन्यमापक समजून घ्या

सिव्हिल झालं, आता जलविज्ञानात काम करायचंय, असं म्हणणारी मुलं पुण्यात हल्ली बरीच भेटतात. १९६१ चं पानशेत घरच्यांकडून ऐकलेलं असतं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांची तळमळ खरी आहे. पण या कामाला पैसा कुठून येतो तेही समजून घ्या, कारण बऱ्याचशा नोकऱ्या त्याच वाटेने येतात.

जागतिक बँकेच्या पैशातून जलविज्ञान प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला, दुसरा टप्पा २००६ मध्ये आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प. आपण सर्रास 'परदेशी मदत' म्हणतो, पण मोठा भाग कर्जाचा. राष्ट्रीय प्रकल्पाच्या सुमारे ३,६८० कोटींपैकी निम्मी रक्कम बँकेकडून कर्जाऊ. राज्यांना मात्र केंद्राकडून ती अनुदान म्हणून मिळाली. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाजाची यंत्रणा उभी राहिली. त्यात टेलिमेट्री केंद्रं, म्हणजे पावसाचे आणि पातळीचे आकडे दुरून आपोआप पाठवणारी केंद्रं आली, डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेचं 'माईक ११' हे नदीच्या प्रवाहाचं गणित मांडणारं संगणकीय प्रारूप (मॉडेल) आलं.

नव्यांचा सगळा डोळा या प्रारूपावर असतो. माझं सांगणं, पहिले एक-दोन पावसाळे आकडे तपासण्यात घालवा. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला की पाऊस मोजण्यासाठी भरली की कलंडणारी आतली छोटी बादली हलतच नाही. घाटमाथ्यावर धो-धो कोसळत असतो आणि पडद्यावर शून्य! प्रारूप ते शून्य खरं धरतं आणि धरणातला येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, कमी दाखवतं. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडायचे, नदीकाठच्या लोकांना किती तास आधी उठवायचं, हे सगळं त्या येव्यावर ठरतं. म्हणून शेजारच्या केंद्राशी आणि सकाळी साडेआठच्या हाती नोंदीशी आकडा ताडून पाहायची सवय लावा. नदीचंही तसंच. मोठा पूर गेला की पात्र बदलतं, पातळी तीच दिसते पण विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, वेगळा असतो. कोणत्या पातळीला किती विसर्ग हे सांगणारा पातळी-विसर्गाचा वक्र नव्याने काढावाच लागतो.

कर्जातून यंत्र विकत घेता येतं. बॅटरी, सिमकार्ड, साफसफाई यांचा खर्च प्रकल्प संपल्यावर आपल्याच तिजोरीतून करायचा असतो, आणि तिथेच हात आखडतो याचं मला फार वाईट वाटतं.

एचईसी-एचएमएस (पावसावरून येवा काढणारं), एचईसी-रास (नदीतला प्रवाह आणि पातळी काढणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मुठेचं पाणलोट क्षेत्र घेऊन घरीच सराव करा. सल्लागार कंपनीत लागलात तर प्रकल्पाची मुदत कधी संपते, हे रुजू होण्याआधी विचारा. अधिकारी म्हणून कायमची नोकरी हवी असेल तर राज्याच्या जलसंपदा विभागासाठी एमपीएससी आणि केंद्रीय जल आयोगासाठी यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यावी लागेल.