पियानो हलवायचाय? मग भांडण गाडी लागायच्या आधीच मिटवा

कोल्हापुरात फक्त पियानो हलवणारा माणूस शोधत बसलात तर हाताला लागणार ते पॅकर्स-मूव्हर्सवालेच, जे एरवी कपाट, फ्रीज, सोफा हलवतात, आणि फोनवर पियानो म्हटलं की पलीकडचा डोळ्यासमोर कॅसिओ आणून रेट सांगून मोकळा होतो. पुढचं सगळं भांडण या फोनमध्येच असतं बघा. राजारामपुरीत एका ओळखीच्यांनी पुण्याहून जुना अपराइट, म्हणजे भिंतीला लावायचा उभा पियानो, घेतला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी आली तर दोन पोरं उतरली आणि पियानो बघून खालीच बसली. "हे एवढं जड आहे सांगितलं नव्हतं साहेब", मग आणखी माणसं आणायचे वेगळे, जिन्याचे वेगळे, थांबल्याचे वेगळे. दोघंही आपापल्या जागी खरे होते आणि कागदावर काहीच नव्हतं.

तर पहिलं काम, वजन सांगा. साधा अपराइट २०० ते २५० किलोच्या आसपास असतो, जुना उंच असला तर ३०० पर्यंतपण जातो, ग्रँड, म्हणजे आडवा, पायांवर उभा असतो तो, त्याहून जड आणि मोठ्या हॉलमधला कॉन्सर्ट ग्रँड तर ५०० किलोच्या जवळ. लाकूड दिसतं वरून, पण आत बिडाची अख्खी फ्रेम असते, कारण सगळ्या तारांचा मिळून ताण १५-२० टनांच्या घरात असतो आणि तो नुसत्या लाकडाला झेपत नाही. कंपनीचं नाव, मॉडेल, उंची आणि चारी बाजूंनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. त्याच्याबरोबर दोन्हीकडच्या जिन्याचा व्हिडिओ, वळणावर टेप लावून, दाराची रुंदी, आणि गल्लीत गाडी कुठपर्यंत येते ते. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या गल्ल्यांत छोटा हत्ती जेमतेम शिरतो, मोठी गाडी बाहेर रस्त्यावर थांबली तर तिथून दारापर्यंत वाहून न्यायचे पैसे कोण देणार हे आधी ठरवा.

शक्य असेल तर माणूस घरी बोलवून दाखवा, येत नाही म्हणाला तर सरळ दुसरा बघा. आला की विचारा की कसा उचलणार. अपराइट उभाच न्यायचा, खालची चाकं खोलीतल्या खोलीत सरकवण्यापुरती असतात, त्यांच्यावर रस्त्यावरून ढकलत नेला तर चाक तरी जातं नाहीतर पुढचा पाय मोडतो. ग्रँड असेल तर पाय आणि पेडलचा सांगाडा सोडवून, सरळ बाजूवर उभा करून फळीला बांधून न्यायचा. आधी ब्लँकेट, मग त्याच्यावर प्लॅस्टिक, आणि गाडीत भिंतीला पट्ट्यांनी आवळलेला. हे एवढं जो न अडखळता सांगतो त्याला काम द्या, दोन हजार जास्त घेतले तरी चालतील.

उद्यमनगरातली मशीन शिफ्टिंगवाली माणसं हा आपल्याकडचा एक जुगाड. लेथ हलवणाऱ्यांना २५० किलोचं काय कौतुक, ताकद आणि चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, दोन्ही असतं. पण लेथला ओरखडा पडला तर कोण विचारत नाही, इथं पॉलिश गेलं की तुमचं तोंड उतरतं. बोलवायचे असतील तर बोलवा, पण पट्टा कुठून घालायचा ते तुम्ही उभं राहून सांगायचं. उलट मिरजेहून तंबोरे-सतारी पाठवणाऱ्यांचं पॅकिंग फार नाजूक असतं, पण ते वजनाला उपयोगाचं नाही.

आता कागद. कोटेशनमध्ये माणसं किती, मजले किती, जिना, टोल, जीएसटी, गाडी थांबली तर काय, सगळं एका रकमेत लिहून घ्या. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा, कारण मोठ्या कंपनीसारखं नाव लावून फिरणारे बरेच आहेत. उतरवताना स्थानिक हमाल वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, मागायला आले तर ती कोणी द्यायची हेपण लिहा, ही गोष्ट कोणीच आधी बोलत नाही आणि मग दारात तिघांची जुंपते. अ‍ॅडव्हान्स थोडाच द्या, मोठा भाग पियानो जागेवर लागल्यावर.

इन्शुरन्सच्या नावानं किमतीवर टक्केवारी लावून पैसे घेतात, घेऊ देत, पण पॉलिसी नंबर असलेला कागद मागा. नुसतं बिलावर इन्शुरन्स लिहिलं म्हणजे विमा झाला असं नसतं. आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला देतो त्या मालाच्या पावतीवर, पियानोची खरी किंमत लिहायला लावा. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली, जास्त किंमत जाहीर केली नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट एवढ्यावरच थांबते. म्हणजे भाडं १२ हजार आणि पियानो ४ लाखाचा असला तर हिशोब तुम्हीच करा.

निघायच्या आधी व्हिडिओ करा, प्रत्येक कोपरा, पेडल, आणि एकेक पट्टी वाजवून. हे कंटाळवाणं आहे पण करा, कारण नंतरचा सगळ्यात मोठा वाद 'सूर गेला' हा असतो आणि त्यात मूव्हरची चूक बहुतेक वेळा नसतेच. आतला साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, लाकडाचा, हवेतला दमट-कोरडेपणा बदलला की तो फुगतो-आकसतो आणि सूर हलतो, जुलैत पुण्याहून कोल्हापूरच्या पावसात आणलेला पियानो तर हलणारच. दोन-चार आठवडे नव्या जागेत स्थिरावू द्या मग ट्यूनर बोलवा, आणि तो खर्च आपलाच समजा. पण पट्टी उठतच नाही, हातोडी तुटलीय, पेडल लोंबतंय, फ्रेमला तडा, पाय फाटलाय, हे मात्र हलवताना झालेलं असू शकतं, त्याला ट्यूनरकडून लेखी रिपोर्ट घ्या.

उतरल्यावर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' यावर सही मागतात, पोरं घाई करतात, गाडी परत जायचीय म्हणतात. ब्लँकेट सोडल्याशिवाय सही नाही. काही दिसलं तर बिल्टीच्या त्यांच्या प्रतीवरच लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या.

माल गाडीत चढवून वाटेत फोन करून जादा पैसे मागायचे, नाहीतर गाडी गोडाऊनला लावतो म्हणायचं, हा प्रकार सगळ्यात वाईट. फोनवर शिव्या देऊन काही होत नाही, मागणी मेसेजवर लिहून पाठवायला सांगा. ११२ लावा, पोलीस बऱ्याचदा हे दिवाणी आहे म्हणून हात झटकतील, तेव्हा त्यांना सांगा की ताब्यात दिलेल्या मालाचा वाहतूकदारानं अपहार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये गुन्हा आहे. तरीही नाइलाजानं द्यावेच लागले तर यूपीआयनंच द्या आणि रिमार्कमध्ये 'जादा मागणी, विरोध नोंदवून' असं टाका, रोख अजिबात नको.

नुकसानाची लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवायची, माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भांडणावर विसंबू नका. बरोबरीनं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, बऱ्याच कंपन्या तिथंच नरमतात. नाही नरमल्या तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी नाही. बिलामागं 'न्यायक्षेत्र फक्त मुंबई' छापलेलं असतं त्याला घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे आपल्या कोल्हापुरातच. फक्त पियानो क्लाससाठी आणला असेल तर समोरचा वकील 'हा व्यवसाय आहे, हे ग्राहक नाहीत' म्हणणार हे धरून चाला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः शिकवत असाल तर कायद्यात त्याला सूट आहे, तसं तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा.