दगडी पाला जखमेवर लावताना या चुका टाळा

खुरप्याने बोट कापले, की बांधावरचा दगडी पाला तोडून तळहातावर चोळायचा आणि त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायचा, हा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत रुळलेला उपाय आहे. एकदांडी किंवा कंबरमोडी या नावांनीही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून, तिच्या रसाने जखम भरण्यास मदत होते असे प्राण्यांवरील काही प्रयोगांतही दिसले आहे. तथापि किरकोळ खरचटण्यापुरताच हा उपाय ठीक आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक ओळखण्यात होते. दगडी पाल्याची पाने खरखरीत, लवदार व कडेने दातेरी असतात. वीतभर लांब, पानरहित दांड्यावर एकच फूल येते, मध्यभागी पिवळे आणि भोवती टोकाला तीन दाते असलेल्या फिकट पाकळ्यांचे. त्याच पडीक जागेत माजणाऱ्या गाजरगवताची पाने मात्र गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात आणि बारीक पांढरी फुले झुबक्याने येतात. घाईत मूठभर पाला ओरबाडताना दोन्ही एकत्र येऊ शकतात, आणि गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर तीव्र ॲलर्जी उठते. म्हणून फूल पाहिल्याशिवाय पाला तोडू नये. तणनाशक फवारलेल्या बांधावरचा तर मुळीच नको.

पाला न धुता चोळणे ही चूक जवळजवळ सगळेच करतात. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात, त्यामुळे धुळीने माखलेला पाला उघड्या जखमेत चोळणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय. आधी जखम वाहत्या पाण्याने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दाबून धरावी; दहा मिनिटे सलग दाबूनही रक्त थांबले नाही, तर पाल्याच्या नादी न लागता दवाखाना गाठावा. जखम मातीने माखलेली असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर रस लावला असला तरी इंजेक्शन चुकवू नये.

रस लावल्यावर थोडे चुरचुरते, ते चालते. खाज, पुरळ किंवा वाढती लाली दिसल्यास मात्र तो लगेच धुऊन टाकावा. पू, ताप किंवा ठणका असल्यास डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह्यांनी पायाच्या जखमेवर हा प्रयोग करूच नये. कुत्रा चावला असल्यास कोणताही पाला न लावता जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी.