वाबशाचे गरुड पाहायला जाताय? या चुका टाळा

मिनियापोलिस-सेंट पॉलला कुणाचे आई-बाबा भारतातून आले की मिसिसिपीकाठच्या वाबशा गावातलं नॅशनल ईगल सेंटर हमखास यादीत असतं. दीड तासाचा रस्ता, तोही बराचसा नदीच्या कडेकडेने. इथले गरुड जायबंदी आहेत, पुन्हा रानात सोडता येणार नाहीत असे. पण लोक प्राणिसंग्रहालय समजून जातात आणि दोन फोटो काढून म्हणतात, "हा तर नुसताच बसलाय!" बसणारच. गरुड दिवसातला बराच वेळ बसूनच काढतो. म्हणून माहितीपर कार्यक्रमाची वेळ वेबसाइटवर बघूनच घरातून निघा. खरी मजा तिथे आहे.

"धडधाकट तर दिसतोय, मग बांधून का ठेवलाय?" हे कुणीतरी विचारतंच. विचारा, पण उत्तरही ऐका. पंखाचं हाड सांध्याजवळ मोडलं तर जुळूनही सांधा आखडलेलाच राहू शकतो. या फांदीवरून त्या फांदीवर जाणं वेगळं आणि झेप घेऊन पाण्यातला मासा उचलणं वेगळं. एक डोळा गेला तर अंतराचा अंदाजच चुकतो. आणि शिसं! नोव्हेंबरात इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. शिकारी आतडी रानातच टाकून जातात, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक कण असतात आणि गरुड नेमकं तेच खातो. तांदळाच्या दाण्याएवढं शिसंही त्याचा जीव घ्यायला पुरतं. वाचलाच तर मेंदू किंवा नजर कायमची अधू होऊ शकते. सेंट पॉलला मिनेसोटा विद्यापीठाचं रॅप्टर सेंटर (शिकारी पक्ष्यांचं उपचार केंद्र) १९७४ पासून अशा पक्ष्यांवर उपचार करतंय. तेव्हा "सोडा हो बिचाऱ्याला" ही दया त्याला उपाशी मारेल.

कार्यक्रमात हातमोज्यावरचा गरुड मधेच झेपावतो आणि पायातल्या चामडी पट्ट्यांमुळे उलटा लोंबतो. लगेच काहीजण मदतीला उठतात. उठू नका. सांभाळणारी व्यक्ती पाठीला हात देऊन त्याला अलगद वर घेते. मग त्याने पिसं फुलवून अंग झटकलं की समजायचं, स्वारी निवांत झाली. मात्र पुढे झुकून शेपटी वर केली तर त्याच्या मागे उभं राहू नये. पिचकारी चांगली लांब जाते!

फ्लॅश बंद ठेवा. मुलांना पळू देऊ नका, शिकारी पक्ष्याची नजर हालचालीवर लगेच जाते.

इथे बाल्ड आणि गोल्डन अशा दोन जातींचे गरुड असतात, पण गडद तपकिरी गरुड दिसला की "हा गोल्डन ईगल" असं ठोकून देऊ नका. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला पाचेक वर्षं लागतात, तोवर तोही तपकिरीच असतो. पाय बघा: गोल्डनच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, बाल्डचे खालचे पाय उघडे आणि पिवळे. आवाजानेही फसू नका. सिनेमात बाल्ड ईगलच्या तोंडी घातलेली ती करकरीत किंकाळी सहसा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. बाल्ड ईगलचा स्वतःचा आवाज अगदीच किरटा, ऐकून हसू येतं.

नदीकाठी पीस सापडलं तर उचलू नका, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे मोरपीस देवघरात ठेवतात, इथे गरुडाचं पीस जवळ ठेवणं गुन्हा आहे. बाल्ड ईगलसाठी १९४० चा कायदा आहे, १९६२ मध्ये त्यात गोल्डनही आला. गळलेली पिसं कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारात जातात आणि तिथून मूळनिवासी जमातींच्या सदस्यांना धार्मिक विधींसाठी मिळतात.

शेवटची चूक हंगामाची. उन्हाळ्यात गेलात तर आतले गरुड भेटतील, पण बाहेर नदीवर रानातल्या गरुडांची गर्दी हवी असेल तर हिवाळ्यातच जा. सगळीकडे बर्फ असताना वाबशाजवळचं पाणी वाहतं राहतं, म्हणून गरुड मासे खायला इथे जमतात. परतताना वाटेतल्या रेड विंग गावच्या कोलविल पार्कलाही थांबा. तिथे वीज केंद्राच्या कोमट पाण्यामुळे नदी गोठत नाही आणि काठच्या झाडांवर गरुड बसलेले असतात. दुर्बीण न्या आणि गाडीतूनच बघा. दार उघडून खाली उतरलात की जवळचे उडून जातात.