सिनेमाची डिस्क घेण्याआधी तिची समीक्षा कशी वाचावी

नवा सिनेमा डिस्कवर आला की विचारायच्या गोष्टी दोन असतात: सिनेमा कसा आहे आणि डिस्क कशी निघाली आहे. सिनेमाबद्दल तो थिएटरात लागला तेव्हाच पुष्कळ लिहून झालेलं असतं. डिस्कबद्दल नीट तपासून लिहिणारे मात्र थोडे, आणि पैसे मोजण्याआधी वाचायचं ते त्यांचंच. गोव्यात बसून डिस्क मागवायची म्हणजे बहुतेक वेळा ती न बघताच मागवायची, त्यामुळे हे वाचन अंगवळणी पडलेलं बरं.

आधी घरातलं यंत्र बघा

डीव्हीडीपेक्षा ब्लू-रेचं चित्र जास्त बारकाव्याचं, फोर-केचं त्याहूनही. ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडी चालते, डीव्हीडी प्लेअरवर ब्लू-रे चालत नाही. फोर-के डिस्कला फोर-केचाच प्लेअर लागतो. त्यानंतर प्रश्न येतो रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी काढली आहे त्याचा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये आहे, युरोप आणि आखाती देश २ मध्ये, अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेला आकड्यांऐवजी अक्षरं आहेत: अमेरिका ए, युरोप आणि आखात बी, भारत सी. फोर-के डिस्कना सहसा रीजनचं बंधन नसतं.

गोव्यातल्या घरांत ही अडचण हमखास येते. कुणाचा भाऊ दुबईत, कुणाची बहीण लंडनला, आणि चवथीला घरी येताना बॅगेत चार डिस्क असतात. इथल्या प्लेअरने त्या नाकारल्या की लोकांना वाटतं, डिस्क खराब निघाली. डिस्क चांगलीच असते, रीजन वेगळा असतो. म्हणून कुणी 'काय आणू?' असं विचारलं, तर कव्हरमागचा आकडा किंवा अक्षर वाचून दाखवायला सांगा. काहींवर सगळे रीजन दिलेले असतात, त्या बेधडक घ्या.

समीक्षेत काय शोधायचं

पहिली गोष्ट, समीक्षा कुठल्या आवृत्तीची आहे. एकाच सिनेमाची अमेरिकेतली, ब्रिटनमधली आणि भारतातली डिस्क अनेकदा वेगवेगळ्या कंपन्या काढतात. एकीचं कौतुक वाचून दुसरी मागवली तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही. कंपनीचं नाव आणि डिस्क निघाल्याचं वर्ष जुळतंय का, ते बघितल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

दुसरी गोष्ट, चित्र कशावरून घेतलं आहे. चांगला समीक्षक हे सांगतोच. सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये त्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं, उरलेला भाग दुसऱ्या प्रतींवरून भरला आणि २०१५ मध्ये फोर-के रिस्टोरेशन, म्हणजे दुरुस्त करून सावरलेलं चित्र, लोकांसमोर आलं. हे ठाऊक असलेला समीक्षक एखादं दृश्य किंचित मऊ, म्हणजे कमी रेखीव, दिसलं तर त्याचं कारण देतो. ठाऊक नसलेला 'चित्र कमीजास्त आहे' एवढंच म्हणून मोकळा होतो. कुणाच्या शब्दावर विसंबायचं, ते अशा ठिकाणी ठरतं.

नव्या सिनेमांच्या बाबतीत कव्हरवर फोर-के लिहिलेलं असलं तरी पुष्कळ सिनेमांचं शेवटचं काम फोर-केहून कमी बारकाव्याच्या टू-केमध्ये झालेलं असतं आणि डिस्कसाठी ते मोठं केलेलं असतं. अशी डिस्क वाईटच असते असं नाही, एचडीआरमुळे (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी सोय) रंग आणि उजेड खुलतोही. पण ब्लू-रे आधीच घरी असेल, तर दुप्पट पैसे मोजावेत इतका फरक आहे का, हे समीक्षेतून समजलं पाहिजे.

तिसरी गोष्ट ग्रेन. फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमात बारीक कण दिसणारच, ते फिल्मचंच अंग आहे. 'फार ग्रेन आहे' म्हणून गुण कापणाऱ्या समीक्षेपासून सावध राहा. उलट 'चित्र अगदी स्वच्छ, गुळगुळीत' असं कौतुक दिसलं तर माणसांच्या चेहऱ्यांबद्दल काय लिहिलंय ते शोधा. कण पुसण्याच्या नादात कातडीचा पोत आणि कापडाची वीणही पुसली जाते आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. यासाठी डोळा तयार करायची सोय गोव्यात घराजवळ आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो आणि २०२३ च्या महोत्सवात रिस्टोर केलेल्या जुन्या चित्रपटांचा स्वतंत्र विभागही होता. असा एखादा चित्रपट मोठ्या पडद्यावर बघा, मग समीक्षेतले शब्द कशाबद्दल आहेत ते कळतं.

चौथी गोष्ट लांबी, आणि भारतीय सिनेमांसाठी मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडींत कधी एखादं गाणंच गायब असतं, कधी कडा कापून चित्र चौकोनी केलेलं असतं, कधी कोपऱ्यात कंपनीचा शिक्का शेवटपर्यंत बसून असतो. समीक्षेत दिलेली लांबी मूळ लांबीशी ताडून बघा. यात एक खाचखळगा आहे. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. तिथे काही कापलेलं नसतं, सगळं चार टक्के जास्त वेगाने चाललेलं असतं. पण तोच सिनेमा १३० मिनिटांचा दिसला, तर कात्री लागली आहे असं समजा.

आवाजाबद्दल एवढंच बघा की मूळ ध्वनिपट दिला आहे का. जुन्या सिनेमाचा मोनो आवाज बाजूला सारून नुसता नव्याने तयार केलेला पाच स्पीकरांचा आवाज देणं मला पटत नाही, दोन्ही असावेत. सबटायटल बंद करता येतात की चित्रावरच छापलेली आहेत, हेही वाचा.

समीक्षेसोबत चित्रं दिली असतील तर ती पूर्ण आकारात उघडून बघा. एचडीआर डिस्कची चित्रं साध्या फोनवर फिकट किंवा काळवंडलेली दिसू शकतात, त्यांवरून मत बनवू नका.

घेताना आणि आल्यावर

परदेशातून मागवताना पोस्टाचा खर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा. जुनी डिस्क घेत असाल तर खालची बाजू उजेडात धरा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी दिसते, घरी कॉपी केलेली बहुधा जांभळट. जांभळट दिसली तर ठेवून द्या, सिनेमा कितीही आवडता असला तरी.

डिस्क घरी आली की परत करायची मुदत संपण्याआधी लावून बघा. नुसती सुरुवात बघून भागत नाही. दोन थरांच्या डिस्कवर पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत, म्हणजे सिनेमाचा मधला भाग डिस्कच्या बाहेरच्या कडेला असतो आणि बोटांचे डाग, ओरखडे नेमके तिथेच पडतात. मधली वीस मिनिटं सलग बघा.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिच्यामुळे चांगला सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हे महिने गोव्यात डिस्कना जड जातात. बुरशी आधी कव्हरमधल्या कागदाला धरते, मग डिस्कवर चढते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डिस्क उभ्या ठेवा आणि जेलचा रंग पालटला की पुड्या बदला. आठवड्यातून एकदा प्लेअर चालू करा, म्हणजे आत दमट हवा कोंडून राहत नाही. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा.

पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. आडवा ओरखडा आला तरी प्लेअर हरवलेली माहिती बहुतेक वेळा भरून काढतो, पण डिस्कवर गोल फिरत जाणाऱ्या माहितीच्या रेषेला समांतर गेलेला लांब ओरखडा त्याला झेपत नाही. व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची जुनी डिस्क) हाताळताना वरची, नाव छापलेली बाजूही जपा. तिथे माहितीवर फक्त लाखेचा पातळ थर असतो आणि तो खरवडला गेला तर काही उपाय उरत नाही.

जिथे समीक्षाच नसते

कोकणी चित्रपट आणि तियात्र (गोव्यातलं गाण्यांचं कोकणी नाटक) यांच्या व्हीसीडी-डीव्हीडी गोव्यात घरोघरी होत्या. जुन्या मराठी चित्रपटांचंही तसंच. त्यांतल्या कित्येकांबद्दल कुणी ओळभरसुद्धा लिहिलेलं नाही. अशी डिस्क हाती आली तर समीक्षा तुम्हीच लिहा. सिनेमाचं किंवा तियात्राचं नाव, कंपनी, किती डिस्क, प्रत्यक्ष लांबी, चित्राचा आकार, सबटायटल आहेत का, कुठल्या मिनिटाला अडकते, कुठलं गाणं गाळलंय, एवढं नोंदवा आणि जिथे इतरांना सापडेल तिथे ठेवा. व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचंच असतं, त्यामुळे ते धूसर आहे हे लिहून जागा अडवू नका. तीच कलाकृती दुसऱ्या कुठल्या रूपात मिळते का ते मात्र जरूर लिहा, आणि मिळत नसेल तर नोंदीत सगळ्यात वर तेच लिहा.