घर ठाण्यात आणि नाव गावच्या यादीत? पालिकेच्या मतदानाआधी या चुका टाळा

फ्लॅटचा ताबा मिळाला, आधारवर पत्ता बदलला, म्हणजे आता ठाण्यात मतदान करता येणार असं कितीतरी जण धरून चालतात आणि मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलांवर स्लिप शोधत फिरतात. आधार बदललं म्हणून मतदार यादी आपोआप बदलत नाही हो.

दुसरा गैरसमज म्हणजे "सहा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नाही". कायद्यात असा महिन्यांचा आकडाच नाहीये, तुम्ही खरंच तिथे राहता का एवढंच बघतात. मात्र नुसतं घर नावावर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, त्यामुळे घोडबंदरला इन्व्हेस्टमेंटचा फ्लॅट आणि राहणं डोंबिवलीत असेल तर मत डोंबिवलीतच. भाडेकरूंनी बिनधास्त नाव लावावं, रजिस्टर्ड भाडेकरार पुरावा म्हणून चालतो.

सगळ्यात मोठा घोळ फॉर्मचा. आधी सातारा, जळगाव, कुठेही नाव असेल तर फॉर्म ८ भरायचा, पत्ता बदलायचा तोच. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी आहे, पण लोक तोच भरतात, वर "आधी कुठेच नाव नाही" असं डिक्लेरेशन देतात आणि नाव दोन ठिकाणी होतं. खोटं डिक्लेरेशन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आता गावच्या सरपंचासाठी नाव तिथेच ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग इथल्या खड्ड्यांवर नगरसेवकाला शिव्या घालताना जरा आवाज कमी ठेवा.

उशीर तर सगळेच करतात. पालिकेची वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला घेऊन प्रभागवार फोडतात. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, म्हणजे दिवाळीत फॉर्म भरणारा गेला बाहेर. प्रारूप यादी आल्यावर हरकत घेता येते, पण ती प्रभाग चुकलाय, नावात चूक झालीय असल्या गोष्टींसाठी, नवीन नाव त्यात घुसवता येत नाही.

आणि हो, आपली पालिका कोणती ते आधी बघा. खारघर, कामोठ्याची मंडळी पत्त्यात नवी मुंबई लिहितात, मत मात्र पनवेल महापालिकेला. ओवळा-माजिवड्यात तर मतदारसंघ एकच, पण काही भाग ठाणे पालिकेत आणि काही मीरा-भाईंदरमध्ये.

मुंबईतून आलेल्यांना अजून एक झटका बसतो, तिकडे एक नगरसेवक, एक बटण, विषय संपला. ठाणे, नवी मुंबईत पॅनल पद्धत आहे, बहुतेक प्रभागांत चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत, तेव्हा एक बटण दाबून लगेच बाहेर पडू नका, एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर नोटा आहेच.